नावांचा डबा

रुवीच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या आणि
मोबाइलवाल्याच्या मध्ये चिमटून बसलेलं आमचं दुकान.
पाटीवर वर अरबी, खाली इंग्रजी.
मराठीत फक्त मी.

सोळा वर्षं टीव्ही उघडतोय.
पाठीचे स्क्रू काढले की सगळे सारखेच उघडेबंब:
तेच पॅनल, तीच दिव्यांची पट्टी,
तोच कपॅसिटर, जो जूनमध्ये
पोट फुगवून बसतो.
एकाच कारखान्यातली सख्खी भावंडं,
दोन घरांत दत्तक गेलेली.
एकाला आडनाव मिळालं, एकाला नाही.
भावात फरक चाळीस रियालांचा.

हे मी गिऱ्हाइकाला सांगतो.
अरबाब दुकानात नसताना.

पाष्टेलाही सांगितलं.
परांची बांधतो तो, अल खुवैरला.
गाव फुणगूस, संगमेश्वराजवळ.
शुक्रवारी आला इस्त्रीचा शर्ट घालून,
जणू टीव्हीच त्याला बघायला बसला होता.
नाववाल्या सेटपुढे उभा राहिला बराच वेळ,
हात मागे बांधून.
मग किमतीची चिठ्ठी पाहिली. मग मला.
म्हटलं, हा घे, कोपऱ्यातला.
चित्र तेच. आवाज जरा पत्र्याचा,
पण तुझ्या घराला कौलं आहेत, घुमेल.
नाव काय चाटायचंय?

त्यानं घेतला. पैसे दोनदा मोजले.

दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर आला,
पिवळं जाकीट, भुवयांत सिमेंट.
टीव्ही खोक्यासकट खांद्यावर.
तुमचं खरं आहे हो, म्हणाला,
पण आमचा साडू पुण्याला असतो.
आमच्याकडे माणसं आधी चित्र बघत नाहीत,
चित्राच्या खाली बघतात.
अकरा वर्षं परदेशात, आणि आणलं काय,
तर निनावी?

निनावी. पत्राला म्हणतात तसं म्हणाला.

माझ्याकडे ओमानी हलव्याचा रिकामा डबा आहे,
त्यात मेलेल्या टीव्हींची नावं.
चाकूच्या टोकानं अलगद सोडवलेली
चंदेरी अक्षरं. जपानी, कोरियन,
एक तर अशा कंपनीचं,
जी स्वतःच केव्हा बुडाली.
का जमवली विचारू नका.
सेट फेकवतो, नाव फेकवत नाही.

पाष्टे डब्यात बोट फिरवत राहिला
तांदळातले खडे काढावेत तसा.
एक निवडलं.
मी स्पिरिटनं जागा पुसली, डिंक लावला,
अंगठ्यानं दाबून धरलं, साठपर्यंत मोजत.

वीस-बावीसच्या आसपास आठवला
आधीच्या नोकरीतला समोरच्या टेबलावरचा गोरा.
तोच पाना, तोच सोल्डरचा धूर नाकात,
आणि अडलेला बोर्ड माझ्याकडे सरकवून
पाठीवर मारलेली थाप.
पगार माझ्या चौपट.
त्याच्या पासपोर्टावरचं नाव बघून ठरलेला.
आत काय वेगळं आहे, हे मी तेव्हा
कुणालाच विचारलं नव्हतं.
उलट घरी लिहिलं होतं, साहेबाबरोबर काम करतो.

एकोणसाठ. साठ.
अंगठा उचलला. नाव धरलं होतं.
डिंकाचे पैसे देऊ लागला. घेतले नाहीत.
चहा घेतला, समोरच्या मलबाऱ्याकडचा,
शंभर बैशांचा, वेलची जास्त.

गणपतीला गेला घेऊन.
परत आला तो फोटो दाखवायलाच:
निळ्या डिस्टेंपरची भिंत,
टीव्हीवर क्रोशाचा रुमाल,
नावातलं तिसरं अक्षर गळून पडलेलं.
डिंक मस्कतच्या हवेचा होता, त्याला
तिथली ओल सोसली नाही.
त्या जागी त्याच्या बायकोनं
लाल टिकली लावलीय.

मी घाबरत विचारलं, साडू काय म्हणाला?

म्हणाला,
ह्या कंपनीचं हे नवीन मॉडेल दिसतंय.